जयपूरला जाताय? बॅग अर्धी रिकामी न्या!

जयपूरचा बाजार नंतर कधीतरी भरायला लागला असं झालेलं नाही. तो नकाशातच होता. १८ नोव्हेंबर १७२७ रोजी सवाई जयसिंहांनी शहराचा पाया घातला, तेव्हा विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताच्या आराखड्यात रुंद रस्ते, त्यांच्या दुतर्फा एकसारखी दुकानं आणि कारागिरांच्या गल्ल्या आधीच आखलेल्या होत्या. मग ठिकठिकाणचे जोहरी, छापेवाले, मूर्तिकार बोलावून आणले आणि ज्याला त्याला आपापली जागा दिली. जवळजवळ तीनशे वर्षं झाली, बरेचसे धंदे अजून त्याच गल्ल्यांत आहेत. २०१९ मध्ये युनेस्कोने हे तटबंदीचं शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे इथे पिशवी घेऊन हिंडणं हेसुद्धा स्थलदर्शनच! फक्त गल्ली कोणती आणि वेळ कोणती, एवढं ठाऊक हवं.

पत्त्यातच माल

जुन्या शहरात गल्लीला ‘रास्ता’ म्हणतात आणि तिच्या नावात बऱ्याचदा तिचा धंदा असतो. मनिहारों का रास्ता म्हणजे लाखेच्या बांगड्या. ठठेरों का रास्ता म्हणजे तांब्यापितळेची ठोकाठोक. जोहरी बाजार सोन्याचांदीचा, रामगंज मोजड्यांचा, चौडा रास्ता पुस्तकांचा. होलसेल कापडासाठी बडी चौपडजवळचा पुरोहितजी का कटला. स्वस्तातल्या ओढण्या, पर्सेस आणि मोजड्यांसाठी बापू बाजार.

एक बरं आहे, मेट्रो थेट बडी चौपडच्या पोटात जाते. २०२० च्या सप्टेंबरात हा भुयारी टप्पा सुरू झाला. वर अठराव्या शतकातला चौक, खाली सरकता जिना. पार्किंग शोधण्यात जाणारा अर्धा तास बांगड्यांच्या गल्लीला द्या. मात्र रविवारी जुन्या शहरातली बरीच दुकानं बंद असतात आणि सकाळी अकराच्या आधी शटर फारसं कुणी वर करत नाही.

बांगडी तुमच्या मापाची, तुमच्यासमोर

मनिहारांच्या गल्लीत दुकानाच्या तोंडाशीच शेगडी असते. काठीच्या टोकाला लाखेचा गोळा, खाली निखारे. गोळा मऊ झाला की कारागीर लाकडी दांड्याने तो दाबत, लोळवत त्याची दोरी काढतो. वरून रंगीत लाखेचा पातळ थर चढवतो, दोरी तोडून दोन टोकं जुळवतो आणि ते कडं गोल लाकडावर चढवून माप घेतो. लाख गरम आहे तोवरच चिमट्याने खडे बसवायचे. सगळा खेळ काही मिनिटांचा. बांगडी घट्ट झाली? पुन्हा शेकायची, ताणायची. काचेच्या बांगडीला ही सोय नाही!

होळीच्या आधी हेच हात ‘गुलाल गोटा’ करतात. लाखेचा फुगवलेला, कागदाइतका पातळ गोळा आणि आत गुलाल. अंगावर आपटला की फुटतो, पण लागत नाही. पूर्वी राजघराण्याच्या होळीसाठी हे गोळे जात. बनवणारी मनिहार कुटुंबं मुसलमान, खेळणारे हिंदू, आणि त्याचं कुणालाच नवल नाही.

पन्ना परदेशी, पैलू जयपुरी

रंगीत रत्नांना पैलू पाडण्यात जयपूरचं नाव जगभर आहे, त्यातही पन्न्याला. कच्चा दगड झांबिया, ब्राझील, कोलंबियातून येतो आणि इथे घासून, कापून, चमकवून पुन्हा जगात निघतो. गोपालजी का रास्ता आणि हल्दियों का रास्ता या भागात दलाल खिशातून कागदाची घडी काढतात, तळहातावर उलगडतात आणि उन्हाकडे धरून दगड पारखतात. लाखोंचा माल, पॅकिंग मात्र चिवड्याच्या पुडीचं.

आपण या व्यवहारात बघ्याच्याच भूमिकेत राहावं. ‘हे खडे तुमच्या सामानातून न्या, तिकडे दुप्पट किमतीला आमचा माणूस घेईल’ असं सांगणारा गोडबोल्या भेटला, तर चहा पिऊन उठा. ही जयपूरमधली जुनी आणि गाजलेली फसवणूक आहे. रिक्षावाला आपणहून ‘काकाच्या फॅक्टरीत’ नेत असेल, तर त्याचं कमिशन तुमच्या बिलात लागतं. खरोखरच महाग खडा घ्यायचा असेल तर पक्कं बिल आणि प्रयोगशाळेचा दाखला मागा. रत्नपरीक्षणाची प्रयोगशाळा या शहरात १९७२ पासून आहे, त्यामुळे दाखला मागितल्यावर ज्याचा चेहरा पडतो त्याच्या दुकानात थांबण्यात अर्थ नाही.

मातीची नसलेली भांडी

जयपूरच्या निळ्या भांड्यांत चिकणमाती नसते. गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक यांची कणीक मळून ती साच्यात दाबतात. निळा रंग कोबाल्टचा, मोरपंखी तांब्याचा. ही कला विसाव्या शतकात जवळजवळ संपली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि महाराणी गायत्रीदेवी यांनी पाठबळ दिलं आणि चित्रकार कृपालसिंह शेखावत यांनी तिला पुन्हा उभं केलं. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

घेताना काय घ्यावं? दाराच्या मुठी आणि छोट्या टाइल्स. प्रवासात टिकतात, वजन कमी आणि घरी आल्यावर ड्रॉवरचा चेहरामोहरा बदलतो. फुलदाणी घ्यायचीच असेल तर ती रजईत गुंडाळा. रजई तुम्ही घेणारच आहात.

पावशेर कापसाची ऊब

जयपुरी रजईची ख्याती अशी, की आत कापूस पावशेर आणि थंडी मात्र पळालीच पाहिजे. कापूस इतका बारीक पिंजतात की त्यातला कचरा आणि जड तंतू निघून जातात आणि मऊ पिंजण तेवढी उरते. तीच ऊब धरून ठेवते. वरचं कापड मलमलीचं किंवा व्हॉइलचं, सांगानेरी छापाचं. निवडताना जाडी बघू नका. उजेडाकडे धरा आणि कापूस सगळीकडे सारखा पसरलाय का ते बघा. पुण्यातली थंडी असो की नागपूरची, ही निभावून नेते.

बगरू: आधी ठसे, मग मल्हारराव

छापील कापडाची दोन गावं आहेत. विमानतळाच्या शेजारचं सांगानेर आणि अजमेर रस्त्यावर तीसेक किलोमीटरवरचं बगरू. सांगानेरी छाप म्हणजे पांढऱ्या कापडावर नाजूक बुट्टी. बगरूचा बाज मातकट, लाल-काळा. तिथला काळा रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून करतात. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवलेलं असतं, म्हणून तो त्यावर पक्का बसतो. ‘दाबू’ प्रकारात चुना, डिंक, माती आणि किडक्या गव्हाचा भुसा कालवून चिखल करतात. जिथे रंग नको तिथे तो ठशाने लावायचा, मग कापड रंगात बुडवायचं. छीपा मोहल्ल्यात दुपारी गेलात तर ठशांची ठपठप लांबूनच ऐकू येते.

आता मराठी माणसाला बगरूचं नाव इतिहासाच्या पुस्तकातून ओळखीचं वाटेल. ऑगस्ट १७४८ मध्ये याच गावी जयसिंहांच्या दोन मुलांमधली गादीची लढाई झाली. माधोसिंहाच्या बाजूने मल्हारराव होळकर, तर ईश्वरीसिंहाच्या बाजूने सूरजमल जाट. त्रिपोलिया बाजाराच्या मागे जो उंच मनोरा दिसतो तो ईसरलाट. आदल्या वर्षीच्या राजमहलच्या लढाईत ईश्वरीसिंहाने भावाला, मेवाडला आणि त्यांच्यासोबतच्या मराठी तुकडीला हरवलं, त्या विजयाची ही खूण. पण १७५० च्या अखेरीस खंडणीसाठी होळकरांचं सैन्य दाराशी आलं आणि ईश्वरीसिंहाने विष घेतलं. या मनोऱ्यावरून सगळा बाजार एका नजरेत दिसतो. चढलात तर हा हिशेबही आठवू द्या.

देवघरातले देव कुठून येतात?

‘मूर्ती जयपूरहून आणलीय’ हे वाक्य महाराष्ट्रात कितीतरी देवळांच्या प्राणप्रतिष्ठेत ऐकू येतं. ती खजानेवालों का रास्ता या भागातून येते. मकराण्याचा संगमरवर, छिन्नी, ग्राइंडर आणि भुवयांपर्यंत पांढरे झालेले कारागीर. गणपती, विठ्ठल-रखुमाई, साईबाबा, शिवाय ज्याने ऑर्डर दिली त्याच्या आजोबांचा अर्धपुतळा, सगळे एका ओळीत वाट बघत उभे. डोळे शेवटी रंगवतात, त्यामुळे बरेच देव अजून आंधळेच असतात.

घासाघीस करावी का?

बापू बाजारात करावीच. तुळशीबागेत मुरलेल्यांना शिकवणी नको, पण एक फरक ध्यानात ठेवा. इथला दुकानदार ‘देखने का कोई पैसा नहीं’ म्हणत पन्नास ओढण्या उलगडतो आणि आपल्याला त्या घड्यांचीच लाज वाटून खरेदी होते. लाज बाळगू नका, घड्या घालायला त्याचा पोऱ्या बसलेलाच असतो. ‘एकच भाव’ची पाटी असेल तिथे मात्र तोंड वाया घालवू नका. आणि मोजडी विकत घेताना डावा-उजवा शोधत बसू नका. पारंपरिक मोजडीचे दोन्ही पाय सारखेच असतात. चार दिवस वापरलीत की तुमचे पायच ते ठरवतात.

सकाळचं पोट: कचोरी आणि कुल्हड

शेगावच्या कचोरीवर वाढलेल्यांनी स्टेशन रोडवरच्या रावत मिष्टान्न भांडारात प्याज कचोरी खावी आणि मनातल्या मनात सामना लावावा. इथली कचोरी आकाराने दांडगी. आत कांदा, बटाटा आणि मसाला. गरम असतानाच खायची, कारण गार झाली की कांदा पाणी सोडतो.

मग एम. आय. रोडवर लस्सी. या रस्त्याचं पूर्ण नाव मिर्झा इस्माईल रोड. आधी म्हैसूरचे आणि १९४२ पासून जयपूरचे दिवाण असलेल्या सर मिर्झा इस्माईल यांचं ते नाव. इथे ‘लस्सीवाला’ नावाच्या पाट्या ओळीने दिसतील. १९४४ पासूनचं दुकान शोधायचं तर रांग सर्वांत मोठी कुठे ते बघा. मातीच्या कुल्हडात घट्ट लस्सी आणि वर सायीचा जाड थर. दुपार कलली की माल संपतो आणि दुकान आवरतं, म्हणून लस्सी संध्याकाळवर टाकू नका. याच रस्त्यावर गुलाबजींचा चहा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झालेली ही टपरी सकाळी गोरगरिबांना फुकट चहा देण्यासाठी ओळखली जाते.

घेवर: श्रावण पंधरा दिवस आधी

घेवर बघायला मिळाला तर खाण्याआधी बघा. मैदा, तूप आणि बर्फासारख्या थंड पाण्याचं सरसरीत पीठ. उकळत्या तुपात बुडवलेल्या साच्याच्या मधोमध उंचावरून बारीक धार सोडतात. पीठ फसफसत कडेला पळतं, मधे भोक राहतं, पुन्हा धार. अशा कितीतरी धारांनंतर जाळीदार चकती तयार होते. मग पाक, आणि हौस असेल तर वर रबडी. जोहरी बाजारातलं लक्ष्मी मिष्टान्न भांडार, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी एलएमबी, पनीर घेवरसाठी नावाजलेलं आहे.

घेवर हा श्रावणाचा. तीजेच्या आदल्या दिवशी सिंजाऱ्याला लेकीसुनांकडे तो जातो. पण तिथला महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. म्हणून आपल्याकडे आषाढातली गटारी व्हायची असते, तेव्हा जयपूरमध्ये श्रावणाचा घेवर दुकानांत रचलेला असतो. दोन्ही साधता आलं तर तुमचं नशीब.

जेवण: लाल आणि तुपकट

लाल मांसाचा लाल रंग जोधपूरजवळच्या मथानियाच्या मिरचीचा. टोमॅटो नाही, लसूण भरपूर. कोल्हापुरी तांबड्याची सवय असलेल्यांनी छाती पुढे काढायला हरकत नाही, फक्त सोबत भाकरी बाजरीची येईल. एम. आय. रोडवरचं हांडी त्यासाठी माहितीचं ठिकाण. शेजारच्या नीरोजमध्ये १९४९ पासून लोक जेवताहेत.

शाकाहाऱ्यांची इथे चैनच. दाल-बाटी-चूरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी. पाणी कमी असलेल्या मुलखाने ताक, बेसन आणि वाळवलेल्या शेंगा-फळांवर स्वयंपाक कसा उभा केला, ते या एका ताटात कळतं. बाटी फोडून तिच्यावर तूप ओतणाऱ्याला ‘बस’ म्हणताना आवाज खणखणीत ठेवा. पुटपुटलात तर तो ‘और’ असंच ऐकतो. सगळं एकाच जागी चाखायचं असेल तर रामनिवास बागेतला मसाला चौक गाठा. २०१८ पासून शहरातल्या नामांकित खाऊवाल्यांचे स्टॉल तिथे एका अंगणात आहेत.

रात्रीचं जयपूर: आधी घड्याळ बघा

राजस्थानात दारूची दुकानं रात्री आठला बंद होतात. २००८ पासूनचा हा नियम आहे. त्यामुळे पावणेआठला वाइन शॉपसमोर जी धावपळ दिसते, ती बघून आग लागली असं समजू नका. बार आणि हॉटेलांत त्यानंतरही मिळते. नारायण निवासमधला निळ्या भिंतींचा बार पॅलॅडिओ फोटोवाल्यांचा लाडका. नाहरगडाच्या तटावर पर्यटन महामंडळाचं पडाव आहे. बिअरचा ग्लास, समोर सूर्यास्त आणि खाली हळूहळू उजळत जाणारं शहर. किल्ला १७३४ चा, पण तरुणांना तो ‘रंग दे बसंती’मुळे माहीत.

रामबाग पॅलेसचा थाट वेगळा. १९५७ मध्ये महाराजा मानसिंह दुसरे यांनी राहता राजवाडाच हॉटेल केला. तिथल्या पोलो बारमध्ये त्यांच्या पोलोच्या आठवणी मांडलेल्या आहेत. त्यांच्या राणी गायत्रीदेवी म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची नात. आई इंदिराराजे बडोद्याच्या. म्हणजे दर परवडला नाही तरी ‘आपलं माहेरचं नातं आहे’ असं म्हणायला जागा आहे. बिलात सूट मिळणार नाही.

नामजोशींचं राजमंदिर

जयपूरच्या रात्रीचा सर्वांत स्वस्त राजवाडा म्हणजे राजमंदिर चित्रपटगृह. १ जून १९७६ रोजी ‘चरस’ या चित्रपटाने ते उघडलं. वास्तुरचना वा. मो. नामजोशी यांची, मुंबईच्या ‘लिबर्टी’ची अंतर्गत सजावट करणारे तेच. बाहेरच्या भिंतीवर नऊ तारे म्हणजे नवरत्नं, आणि रत्नांच्या गावाला शोभतील अशी वर्गांची नावं: पर्ल, रूबी, एमराल्ड, डायमंड. झुंबरांच्या दालनात लोक पडद्यापेक्षा छताकडेच जास्त बघतात. सिनेमा कोणताही असो, पंधरा मिनिटं आधी जा. हिरोच्या एंट्रीला शिट्ट्या आल्या की पैसे वसूल.

दुसरा मुंबईकर वास्तुकार चार्ल्स कोरिया. त्यांनी जवाहर कला केंद्र बांधताना जयसिंहांच्या नऊ चौकड्यांचा, म्हणजे चौकोनी पेठांचा, आराखडाच उचलला. मूळ शहरात डोंगर आडवा आला म्हणून एक चौकोन सरकवावा लागला होता. कोरियांनीही एक चौकोन मुद्दाम तिरका ठेवला. संध्याकाळी इथे नाटक, प्रदर्शन, मैफल काहीतरी असतंच आणि आवारातल्या इंडियन कॉफी हाउसमध्ये कॉफीचा दर खिशाला न बोचणारा.

पंगत, बाहुल्या आणि बिबट्या

मुलंबाळं बरोबर असतील तर टोंक रोडवरची चोखी ढाणी. कठपुतळ्या, कालबेलिया नाच, उंटावरची फेरी आणि शेवटी जमिनीवर पंगत. वाढपी आग्रहात आपल्या लग्नातल्या काकांच्या वरताण. खास पर्यटकांसाठी सजवलेलं गाव आहे हे मान्य, पण तिथे जयपूरची घरंही वाढदिवस साजरे करायला येतात.

आणि ज्यांना खरी रानटी नाइटलाइफ हवी त्यांच्यासाठी झालाना. शहराच्या अंगणात, मालवीय नगराला लागून हे बिबट्यांचं राखीव जंगल आहे. संध्याकाळच्या सफारीत नशीब जोरावर असेल तर खडकावर बिबट्या पसरलेला दिसतो आणि त्याच्या मागे इमारतींचे दिवे.

जावं कधी?

संक्रांतीला, जर मान आकाशाकडे ताणून दिवसभर उभं राहायची तयारी असेल. १४ जानेवारीला सगळं शहर गच्चीवर असतं, ‘वो काटा!’ची आरोळी उठते, तिळपट्टी आणि फीणी फिरते. पतंग-मांजाची खरेदी हांडीपुऱ्यात. दिवाळीला, जर उजळलेला जोहरी बाजार बघायचा असेल. श्रावणातल्या तीजेला, जर त्रिपोलिया दरवाज्यातून निघणारी देवीची मिरवणूक आणि घेवर दोन्ही हवं असेल. मे महिन्यात? जवळच्या नातलगाचं लग्न असेल तरच.

एकच दिवस हातात आहे?

सकाळी आठला हवामहल. त्याचं तोंड पूर्वेला, म्हणून ऊन तेव्हाच ९५३ झरोक्यांवर पडतं. समोरच्या गच्चीवरच्या कॅफेत चहासोबत फोटो काढा. हा महाल १७९९ मध्ये बांधणारे सवाई प्रतापसिंह त्याआधी बारा वर्षं तुंग्याला महादजी शिंद्यांशी लढले होते, हे गाइडने सांगितलं नाही तर तुम्ही त्याला सांगा. नऊला कचोरी, साडेदहाला लस्सी. अकरा ते दोन मनिहारांची गल्ली, जोहरी बाजार आणि एलएमबीत जेवण. ऊन डोक्यावर असताना सांगानेरला छापखाने बघा. सहाला परत येऊन बापू बाजारात उरलेले पैसे संपवा. सातला निर्णयाची घडी: नाहरगड की राजमंदिर? तिकीट आधी काढलं असेल तर राजमंदिर. नसेल तर टॅक्सी करून गड गाठा आणि परतीची गाडी थांबवूनच ठेवा. रात्री डोंगरावर रिक्षा मिळत नाही आणि पायी उतरायचं म्हटलं, तर त्या वाटेवर बिबट्यांचाही वावर असतो.